पहिल्या मशीनचे दिवे

२०१८च्या उन्हाळ्यात मी आमच्या क्लस्टरवरचं एचए काढून टाकलं आणि वर त्याचा अभिमान बाळगला. चहाच्या टपरीवर, ओळखीच्या सिस्टिमवाल्यांसमोर, एकदा तर एका कॉलेजात मुलांसमोर मला बोलायला उभं केलं होतं तिथेही, मी सांगत असे की धडधाकट सर्व्हरला स्वतःचाच गळा दाबायला लावणारी व्यवस्था काय कामाची? वॉचडॉग म्हणजे मालकालाच चावणारं कुत्रं. मुलं हसायची. हशा मिळाला की माणूस तेच वाक्य पुन्हा वापरतो. मी चार महिने वापरलं.

ते वाक्य मागे घ्यायला मी हे लिहितो आहे.

मी एका सहकारी दूध संघात कॉम्प्युटर विभाग बघतो. संघाचं नाव सांगत नाही, कारण चूक संघाची नव्हती. गावोगावच्या सोसायट्यांत सकाळ-संध्याकाळ दूध जमा होतं. लिटर, फॅट, एसएनएफ तिथल्या तिथे मोजलं जातं आणि सचिव ती नोंद आमच्याकडे पाठवतो. दूध शीतकरण केंद्रात जातं, तिथून टँकर रात्रभर डेअरीच्या डॉकवर येत राहतात, काट्यावर चढतात, उतरतात. हे सगळं एका डेटाबेसमध्ये जमा होतं आणि दर दहा दिवसांनी त्यातून शेतकऱ्याचं बिल निघतं. बिलाला एक दिवस उशीर झाला तर सचिवाला गावात तोंड दाखवता येत नाही. आणि दुधाला रविवार नसतो, दिवाळी नसते. म्हैस काही सर्व्हर चालू आहे का विचारून पान्हा सोडत नाही.

हा डेटाबेस आणि इतर कामं मिळून आमच्याकडे चौदा व्हीएम होत्या. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेले अनेक कॉम्प्युटर नांदतात, त्यातला प्रत्येक. सर्व्हर दोन, प्रत्येकी १२८ जीबी मेमरीचे, आणि दोघांत मिळून स्टोरेजची एक पेटी; हे सगळं मिळून आमचं क्लस्टर. व्हीएमची डिस्क त्या पेटीत राहते, तिचा विचार मात्र सर्व्हरमध्ये चालतो. त्यामुळे एक सर्व्हर मेला तरी डिस्क शाबूत असते आणि तीच व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा उठवता येते. माणसाची वाट न बघता हे आपोआप घडवून आणणारी व्यवस्था म्हणजे हाय अव्हेलेबिलिटी, आमच्या तोंडी एचए. सॉफ्टवेअर होतं प्रॉक्समॉक्स. व्हिएन्नातल्या एका कंपनीने २००८मध्ये आणलेलं, लिनक्सवर चालणारं, आणि परवान्याचे पैसे न देता वापरता येणारं. सहकारात हा शेवटचा गुण पहिला मोजतात.

प्रॉक्समॉक्सच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे की एचए हवं असेल तर किमान तीन सर्व्हर हवेत. मी ते वाचलं होतं. मोठ्या कंपन्यांची थेरं म्हणून सोडून दिलं होतं. खरेदीच्या बैठकीत एका संचालकांनी आपणहून विचारलंही होतं, "दोनच का, तीन का नकोत?" मीच म्हणालो, "तिसरा नुसता बसून वीज खाईल, साहेब." संचालक मंडळ जास्त खर्चाला तयार आहे अशा संधी नोकरीत दोन-तीनदाच येतात. त्यातली एक मी अशी घालवली.

मग तो मे महिना आला. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला माणूस आला होता. त्याच्या हातून नेटवर्क स्विचची वायर निघाली, तीन मिनिटांनी परत लागली. तेवढ्यात, साधारण मिनिटभराच्या अंतरात, दोन्ही सर्व्हर धाडकन रिसेट झाले. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. वीज होती, स्टोरेज होतं, चौदाच्या चौदा व्हीएम सुखाने चालल्या होत्या. पण सर्व्हर जातीची मशीन पुन्हा उठायलाच पाच-सात मिनिटं घेते. संध्याकाळच्या संकलनाची वेळ होती. दोनशेवर सचिवांनी एकाच वेळी फोन केला असावा, असं निदान मला वाटलं.

कार्यकारी संचालकांनी बोलावलं. ते शांत माणूस आहेत, तेच जास्त भीतीचं. म्हणाले, "अहो, एक पडला तर दुसरा उभा राहील असं तुम्हीच लिहून दिलंय. मग वायर एक निघाली आणि पडले दोन्ही, हे कसं?"

कसं ते मला ठाऊक होतं. क्लस्टरमधले सर्व्हर एकमेकांना सतत निरोप देत असतात, मी आहे, मी आहे. प्रत्येकाला एक मत. निम्म्याहून जास्त मतं एकत्र असली तरच कोरम. आपल्या सहकारी भाषेत गणसंख्या. सभासद दोनच असतील तर निम्म्याहून जास्त म्हणजे दोघंही. स्विच गेला, दोघांनाही दुसरा दिसेना, दोघांचीही सभा गणसंख्येअभावी तहकूब. आणि एचए चालू असताना गणसंख्या गमावलेला सर्व्हर नुसता हात बांधून बसत नाही. त्याच्यात वॉचडॉग नावाचा टायमर असतो. तो सतत कोणीतरी मागे सारत राहायचा असतो. नाही सारला तर साठ सेकंदांनी तो मशीन रिसेट करतो, कोणाला विचारत नाही. गणसंख्या गेली की एचए तो टायमर मागे सारणं मुद्दाम सोडून देतं. आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी सोडलं.

याचं सरळ उत्तर होतं, "साहेब, तीन मतं हवीत, दोनच घेण्यात माझी चूक झाली." पण त्यासाठी बैठकीतलं वाक्य गिळावं लागलं असतं. मी म्हणालो, "या सॉफ्टवेअरचं एचए जरा आततायी आहे, मी काढून टाकतो." आणि काढून टाकलं. एचए नसेल तर गणसंख्या गेलेला सर्व्हर आपल्या चालत्या व्हीएम चालूच ठेवतो. फक्त नवीन काही सुरू करू देत नाही, रचनेत बदल करू देत नाही. हे मला फार समंजसपणाचं वाटलं. शिवाय एकच स्विच नको म्हणून मी दुसरा आणला आणि पहिला सर्व्हर एका स्विचला, दुसरा दुसऱ्याला जोडला. प्रत्येक सर्व्हर दोन्ही स्विचना जोडायला हवा होता, हे लिहितानाही हसू येतं. पण तेव्हा मला ती सुधारणा वाटली होती.

माझ्या आत्मविश्वासाला एक पूर्वपीठिका होती. त्याआधी मी पुण्यात एका कंपनीत व्हीएमवेअरवर काम केलं होतं. व्हीएमवेअरचं एचए २००६मध्ये आलं, जगभरच्या सर्व्हर रूममध्ये मुरलं, आणि त्या कंपनीत ते इतकं बिनबोभाट चालायचं की त्याच्याकडे कोणी बघायचंच नाही. मी ते कधी बिघडताना पाहिलं नाही. म्हणून ते नेमकं काय करतं हेही कधी पाहिलं नाही. तिथे आणखी एक सोय होती. व्हीएम एका होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, चालू असली की तिच्या डिस्कच्या फाइलींना व्हीएमवेअरच्या फाइल सिस्टिमचं कुलूप असतं. दुसऱ्या होस्टवर तीच व्हीएम सुरू करायला गेलात तर ती सुरूच होत नाही, चूक दाखवते. तो नकार इतक्या वेळा पाहिला होता की जगात सगळीकडे तो मिळतोच असं मी धरून चाललो होतो. आमच्या संघातल्या स्टोरेज पेटीवर साधं एलव्हीएम होतं, म्हणजे लिनक्सची डिस्क वाटून देण्याची साधी पद्धत. तिथे असं कुलूप नव्हतं. डिस्क कोणीही उघडावी, कितीही जणांनी उघडावी. दोन सर्व्हरांनी एकाच वेळी एकाच व्हीएमला हात घालू नये, याची काळजी क्लस्टर घेत होतं, आणि घेत होतं ते गणसंख्येच्या आधारावर.

२०१८च्या गौरी-गणपतीला मी गावी होतो. गौरी जेवल्या ती रात्र. जागरणाला बायका घरात फेर धरत होत्या आणि मी गच्चीवर, कारण आमच्या घरी रेंज फक्त गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात येते. साडेबाराला डॉकवरून फोन आला, काट्याचं सॉफ्टवेअर अडकलंय, टँकर उभे आहेत. मोबाईलच्या नेटवरून लॅपटॉप जोडला. दुसरा सर्व्हर दिसत होता. पहिला दिसत नव्हता. पिंग नाही. त्याच्या देखरेखीचं वेगळं पोर्ट असतं, तेही गप्प. क्लस्टरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे लाल फुली. म्हणजे मेला.

तरी मी गेटवर फोन केला, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच. रात्रपाळीला वॉचमनमामा होते. म्हटलं, "मामा, सर्व्हर रूमच्या काचेतून जरा बघता का, वरची मशीन बंद पडलीय का?" ते गेले, बघून आले, फोन उचलून म्हणाले, "न्हाई साहेब. दोन्हीचं बी दिवं लुकलुकत्यात की."

मी म्हणालो, "असू द्या मामा, दिवे लागतच असतात."

ज्या मिनिटाला मला जगातली सगळ्यात मोलाची माहिती मिळाली, त्या मिनिटाला मी ती देणाऱ्याचे आभार मानून फोन ठेवला. माझ्या लेखी पडद्यावरची लाल फुली ही माहिती होती आणि मामा म्हणजे दिव्यांकडे बघणारे मामा. सर्व्हर रूमची किल्ली गेटवरच असते. "मामा, कुलूप काढा आणि वरच्या मशीनचं बटण दहा सेकंद दाबून धरा" एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

पुढचं मी सराईतपणे केलं. दुसरा सर्व्हर एकटा पडल्यामुळे त्याला गणसंख्या नव्हती, तो काही सुरू करू देत नव्हता. त्यावर एक आज्ञा आहे. अपेक्षित मतं १, असं क्लस्टरला सांगायचं. ज्यांनी सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस वाचली आहे त्यांना हे लगेच कळेल. तळाशी छापलेलं असतं की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी ती पुन्हा भरेल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. माझी आज्ञा म्हणजे ती तहकूब सभा होती. फरक इतकाच की संस्थेच्या सभेत मूळ सभा तरी संपलेली असते. इथे शेजारच्या खोलीत ती चालू होती.

पहिल्या सर्व्हरवरच्या व्हीएमच्या रचनेच्या फाइली मी दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये हलवल्या. सगळ्या उठवायला मेमरी पुरेना, कारण दोन्ही सर्व्हर मी हौसेने शंभर-शंभर जीबीपर्यंत भरलेले होते. मग त्यातल्या महत्त्वाच्या पाच निवडल्या आणि सुरू केल्या. संकलनाचा डेटाबेस त्यात होता. एक वाजून दहा मिनिटांनी काटा चालू झाला, टँकर हलले, डॉकवरच्या पोराने व्हॉट्सअॅपवर नमस्काराचा हात पाठवला. मी खाली उतरून गौरीपुढची करंजी खाल्ली. एचएशिवाय माणूस किती नीट निर्णय घेतो, हे वाक्यही तयार झालं, कॉलेजातल्या पुढच्या भाषणासाठी.

पहिला सर्व्हर मेलेला नव्हता. त्याचा नेटवर्क स्विच मेला होता. स्टोरेजच्या वायरी वेगळ्या होत्या आणि त्या ठणठणीत होत्या. तो डेटाबेस त्याच्यावर अजून चालू होता. त्याला फक्त कोणी बोलायला येत नव्हतं. म्हणजे एक वाजून दहा मिनिटांपासून एकाच डिस्कवर एकाच व्हीएमच्या दोन प्रती बसल्या. दोघींनाही वाटत होतं की डिस्क आपली एकटीची आहे. दोघी आपापल्या आठवणीत डिस्कचा नकाशा धरून होत्या आणि एकीने रिकामी समजून लिहिलेली जागा दुसरीच्या नोंदींची होती. तीन वाजता डेटाबेसची रोजची साफसफाई लागलेली होती. ती दोघींनी इमानेइतबारे केली.

पावणेपाचला, सकाळचं संकलन सुरू व्हायच्या वेळी, फाइल सिस्टिमने स्वतःला केवळ वाचनापुरतं करून घेतलं आणि डेटाबेसने हात टेकले. मी गाडी काढली. पोचलो तेव्हा सर्व्हर रूममध्ये पहिल्या सर्व्हरला स्क्रीन जोडला आणि त्यावर लॉगिनची ओळ शांतपणे लुकलुकत होती. साडेसहाला सकाळच्या थंडीत मला घाम फुटला, हे शब्दशः घडलं.

बॅकअप आदल्या रात्री आठचा होता. तो परत चढवायला अकरा वाजले. आठनंतर आलेल्या संध्याकाळच्या नोंदी आणि रात्रीचे सगळे टँकर गेले. सकाळचं संकलन पावत्यांवर झालं. पुढचे चार दिवस आमचा विभाग आणि बिलिंगची तीन माणसं सोसायट्यांच्या पावत्या मागवून हाताने नोंदी करत बसली. अकरा ते वीस तारखेचं बिल दोन दिवस लांबलं. एका गावच्या सचिवाने फोनवर मला जे सुनावलं ते इथे देत नाही, पण त्यात चूक काही नव्हतं.

आणि आता खरी कबुली. मी अहवाल लिहिला, त्यात कारण दिलं, "नेटवर्क स्विचमधील बिघाडामुळे स्टोरेजवरील माहिती दूषित झाली." वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, वाक्य खोटं आहे. स्विचच्या बिघाडाने फक्त काटा अडकला होता. माहिती मी बिघडवली. अहवाल कार्यकारी संचालकांकडे गेला. त्यांनी तो बाजूला ठेवून गेटवरचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मामा सगळं लिहून ठेवतात, कुत्रं आलं तरी. त्या रात्रीची नोंद होती, "रा. १२.५० वरचे मशीन चालू आहे. दिवे लागत आहेत. साहेबांना फोनवर सांगितले."

"वॉचमनला कळलं ते तुम्हाला का नाही कळलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी अहवाल परत घेतला आणि दुसरा लिहिला.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या आधी, प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटहब या साइटने आपल्या एका घोटाळ्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. २१ ऑक्टोबरला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक खराब झालेलं ऑप्टिकल उपकरण बदलताना त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला. ४३ सेकंदांसाठी. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसची सूत्रं पश्चिम किनाऱ्याकडे दिली. पूर्वेकडे काही नोंदी झालेल्या होत्या त्या पश्चिमेला पोचलेल्या नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या होऊ लागल्या त्या पूर्वेला नव्हत्या. ४३ सेकंदांच्या दुराव्याची किंमत २४ तास ११ मिनिटांची अडखळती सेवा. मी तो अहवाल दोनदा वाचला. त्यांच्याकडे यंत्राने घाईने नवा धनी नेमला, माझ्याकडे मी नेमला. त्यांनी मात्र पुढे शहाणपणा केला. साइट लवकर पूर्ववत करण्याऐवजी माहिती शाबूत ठेवणं पहिलं धरलं आणि दिवसभर लोकांचे बोल खाल्ले. मला मे महिन्यात काही मिनिटांच्या खोळंब्याचे बोल सोसवले नव्हते.

मग मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचायला बसलो. आणि ज्या साठ सेकंदांना मी चार महिने हसत होतो, त्यांचा अर्थ पहिल्यांदा लागला.

मेलेला सर्व्हर आणि नुसता गप्प झालेला सर्व्हर बाहेरून सारखेच दिसतात. निरोप येत नाही, एवढंच कळतं. त्याला विचारावं, तर विचारायचा रस्ताच तुटलेला. मग दोघांनी आधीच ठरवून ठेवायचं. निरोप तुटला आणि मी अल्पमतात आहे असं दिसलं, तर साठ सेकंदांच्या आत मी स्वतःला रिसेट करीन. तू मात्र दोन मिनिटं थांब, माझा हक्क संपू दे, मग माझ्या व्हीएम उचल. साठ हे एकशेवीसपेक्षा कमी आहेत, सगळी खात्री एवढ्यावर उभी आहे. त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी अशीच चालते. रात्री दोनला माझी पाळी संपत असेल तर दोनला मी पाणी सोडून देतो. पुढचा शेतकरी बांधावर आला आहे की नाही हे बघत बसत नाही, आणि तोही मला उठवायला येत नाही. माझा शेवटचा वाफा अर्धा राहिला तर ते माझं नशीब. घड्याळ ऐकलं नाही तर बांधावर कुऱ्हाडी निघतात.

लिनक्सच्या जगात याच कामाला स्टोनिथ असं एक रांगडं नाव आहे. दुसऱ्या नोडच्या, म्हणजे सर्व्हरच्या, डोक्यात गोळी घाला, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. त्यात जिवंत सर्व्हर संशयिताची वीजच तोडतो. प्रॉक्समॉक्समध्ये संशयित स्वतः जातो. मार्ग कोणताही घ्या, पण जुना गेला याची खात्री झाल्याशिवाय नवा उठवायचा नाही. लाल फुली ही खात्री नव्हे. मामांनी बटण दाबून धरलं असतं तर ती खात्री होती.

व्हीएमवेअरबद्दलही तेव्हाच नीट वाचलं, जुना दोस्त म्हणून. त्यांचं एचए आधी फक्त नेटवर्कवरचे निरोप मोजायचं. २०११मध्ये त्यांनी ते मुळापासून नव्याने लिहिलं आणि त्यात एक भर घातली: नेटवर्कवर होस्ट दिसेनासा झाला तर सामाईक स्टोरेजवर त्याची खूण अजून ताजी होते आहे का ते बघायचं. होत असेल तर तो मेलेला नाही, फक्त नेटवर्कपासून तुटला आहे. एवढ्या मोठ्या कंपनीने ही दुसरी वाट मुद्दाम बांधून घेतली. मला ती मामांनी काचेतून बघून फोनवर सांगितली होती.

तिसरं मत मी त्यानंतर लगेच आणलं. त्यासाठी सर्व्हर लागत नाही. हिशेब विभागातला एक जुना डेस्कटॉप घेतला, त्याच्यावर फक्त मत देणारी छोटी सेवा बसवली आणि तो इमारतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तो व्हीएम चालवत नाही. भांडण झालं की एका बाजूला उभा राहतो, बास. दोन्ही सर्व्हर दोन्ही स्विचना जोडले, क्लस्टरच्या निरोपांची वाट वेगळी केली, आणि एचए पुन्हा चालू केलं. चालू करताना बोट जड झालं होतं, ते सांगायला हवं.

तिसरा सर्व्हर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आला. बैठकीत त्याच संचालकांनी विचारलं, "मागे तुम्ही म्हणाला होतात बसून वीज खाईल?" म्हणालो, "हो साहेब, ते चुकलं होतं." आणि फळ्यावर हिशेब मांडला, जो खरेदीच्या पहिल्याच बैठकीत मांडायला हवा होता. दोन सर्व्हर असतील आणि एक गेल्यावर सगळं चालायला हवं असेल, तर दोघांत मिळून निम्मी मेमरी रिकामी ठेवावी लागते. १२८ पैकी ६४. तीन असतील तर एक तृतीयांश. प्रत्येकी ८५ जीबीच्या वर जायचं नाही. म्हणजे तिसऱ्याने रिकामपण वाढत नाही, वाट्याने कमी होतं. मी मात्र दोनच ठेवून दोन्ही शंभरपर्यंत भरले होते आणि त्याला काटकसर म्हणत होतो. त्या रात्री पाच व्हीएम निवडाव्या लागल्या त्या या काटकसरीमुळे. आता कोणी नव्या व्हीएमसाठी मेमरी मागितली आणि पडद्यावर प्रत्येक सर्व्हरमध्ये चाळीस जीबी मोकळी दिसली, तरी मी नाही म्हणतो. विभागातली नवी मुलगी एकदा म्हणाली, "सर, आहे की एवढी मोकळी!" ती मोकळी नाही. ती न पडलेल्या सर्व्हरच्या नावावर आहे.

सगळं जुळल्यावर चाचणी घेतली. दुधाला सुट्टी नाही, त्यामुळे वेळ निवडली ती सकाळचं संकलन संपून टँकर ओसरल्यावरची, साडेअकराच्या पुढची. त्या आठवड्यात मामांची दिवसपाळी होती. त्यांना मुद्दाम सर्व्हर रूममध्ये बोलावलं. पहिल्या सर्व्हरच्या स्टोरेजच्या वायरी तशाच ठेवल्या, गौरीच्या रात्री होत्या तशा, आणि नेटवर्कच्या सगळ्या उपटल्या.

काहीच झालं नाही. दिवे लुकलुकत राहिले. मी मोबाईलवर सेकंद मोजत होतो. साठच्या आसपास आत काहीतरी टचकन झालं आणि पंखे विमानासारखे गरजले. रिसेट होताना ते तसेच गरजतात. मामा दोन पावलं मागे सरकले. "ह्याचं तर काय बिघडलंच न्हवतं, साहेब."

"नव्हतंच," मी म्हणालो.

दोन मिनिटं उलटून गेल्यावर उरलेल्या दोघांनी त्याच्या व्हीएम आपसात वाटून घेतल्या. मेल्यासारख्या थांबलेल्या व्हीएम नव्याने बूट होऊ लागल्या, आणि इथे माझी आणखी एक समजूत गळून पडली. एचए व्हीएम वाचवत नाही. ती व्हीएम विजेचा झटका बसून पडल्यासारखी पडते आणि पुन्हा उठते. तिच्या आठवणीत जे होतं ते जातं, डिस्कवर जे पोचलं होतं ते राहतं. डेटाबेसने आपली वही तपासून स्वतःला सावरून घेतलं, त्यात दीड मिनिट. काटा चालू झाला. बिलिंग मात्र चालू होईना. शोधता शोधता कळलं की त्याची एक सेवा आपोआप सुरू व्हायला कधी लावलेलीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी हाताने सुरू केली होती आणि व्हीएम त्यानंतर त्या मे महिन्यापर्यंत पूर्ण बंद अशी कधी झालीच नव्हती. मे महिन्यातल्या गोंधळात ती बहुधा मीच हाताने चालू केली असणार आणि विसरलो असणार. एकूण नऊ मिनिटं.

प्रॉक्समॉक्सवाले स्वतःच लिहितात की बिघाड ओळखून दुसरीकडे उठवायला सुमारे दोन मिनिटं लागतात, त्यामुळे ९९.९९९ टक्क्यांच्या वर अपेक्षा ठेवू नका. पाच नऊ म्हणजे वर्षाला सव्वापाच मिनिटं. आमची नऊ एका झटक्यात गेली. कार्यकारी संचालकांना मी नऊच लिहून दिली आणि सोबत त्यातली कोणती मिनिटं क्लस्टरची आणि कोणती माझ्या विभागाची, तेही लिहिलं. पुढच्या चाचणीला पाच झाली. आता "बंद पडणार नाही" असं मी कोणाला लिहून देत नाही. एक सर्व्हर गेला तर पाच ते सहा मिनिटं काटा थांबेल, असं देतो. डॉकवरच्या लोकांना यात काहीच गैर वाटलं नाही. त्यांचा एक टँकर धुवायला त्याहून जास्त वेळ लागतो. कॉलेजवाल्यांनी पुन्हा बोलावलं होतं, तिथे मी हाच हिशेब मांडला. कोणी हसलं नाही.

चाचणी संपल्यावर मी वायरी परत लावल्या. पहिला सर्व्हर उठला, बाकीचे दोघं दिसल्यावर गपगुमान क्लस्टरमध्ये येऊन बसला. मामा गेटवर निघून गेले होते. संध्याकाळी घरी जाताना मी रजिस्टर चाळलं. त्या दिवसाची नोंद होती, "दु. ११.४२ वरचे मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू. साहेब समोर उभे होते."